खाली म्हणजे खाली

उत्तरेतल्या शिंदे सरकारच्या लश्कर शहरातल्या मराठी माणसाला दोन गोष्टी कधी शिकवाव्या लागल्या नाहीत. एक हिंदी, आणि दुसरी म्हणजे आपण अस्सल मराठीच बोलतो हा विश्वास. सकाळी उठून "जल्दी कर रे, पाणी गरम झालं की नाही, मी कधीपासून परेशान आहे!" असं ओरडणारा गृहस्थ तुम्हाला छातीठोकपणे सांगणार, की आमची मराठी पेशव्यांच्या वेळची, तुम्ही पुण्याकडच्यांनी ती बिघडवलीत. त्याच्याशी वाद घालू नये. वाईहून आलेल्या रमाकांत जगदाळ्याने घातला आणि तोंडघशी पडला.

रमाकांत गणिताचा मास्तर. शिंदे की छावनी या मोहल्ल्यातल्या रघुनाथराव धुमाळांची दुर्गा त्याला दिली आणि सासऱ्यांच्याच खटपटीने लश्करातल्या एका शाळेत त्याला नोकरी लागली. स्वतःचं बिऱ्हाड मिळेपर्यंत मुक्काम सासुरवाडीला. वाईला त्याचं म्हणावं असं कोणी नव्हतं. वडील आधीच गेलेले, तो रांगत असतानाच आईही गेली. पुढे काकांनी वाढवलं, काकूने जेवू घातलं, आणि दोघांनीही ते जन्मभर ऐकवलं. त्यामुळे इथे सासरी ताटात दुसऱ्यांदा भाजी पडली तरी त्याला चोरट्यासारखं व्हायचं. लोक घरजावई म्हणून हसतील ही धास्ती होतीच.

लोक हसले, पण भलत्याच गोष्टीवर. एके दिवशी चहाच्या वेळेला दुर्गा म्हणाली, "अहो, साखरेचा डबा खाली आहे."

रमाकांत तत्पर जावई. उठला, फळीखाली वाकला. काही नाही. पाटाखाली बघितलं, पिंपाखाली हात घातला, हाताला झुरळ लागलं.

"खाली कुठे?"

"अहो, डबा खाली आहे!"

"तेच विचारतोय ना, कशाच्या खाली?"

दुर्गाने कपाळावर हात मारला, फळीवरचा डबा काढला आणि त्याच्या नाकासमोर उपडा केला. "हा बघा. खाली. दाणासुद्धा नाही यात."

"त्याला रिकामा म्हणतात!"

"रिकामा माणूस असतो," दुर्गा म्हणाली. "डबा खाली असतो."

रघुनाथरावांना चहाचा ठसका लागला. शेजारपाजारी ती गोष्ट दुपारपर्यंत पोचली. हसल्या नाहीत त्या फक्त लीलाताई.

लीलाताई म्हणजे दुर्गाची आई, रमाकांतच्या सासूबाई. त्या कोणाला टाकून बोलत नसत, जावयाला तर "अहो जावईबापू"खेरीज हाक नव्हती. पण त्यांचं हसणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. थोरला मुलगा शरच्चंद्र मोतीझऱ्याच्या तापात गेला तेव्हापासून. ओसरीच्या भिंतीत दोन दणकट लाकडी खुंट्या होत्या आणि त्यांच्यावर त्याची विलायती सायकल टांगून ठेवलेली होती. लीलाताई रोज सकाळी स्टुलावर चढायच्या आणि देवघरातल्या समया पुसाव्यात तशी ती पुसायच्या. घरात तिला दुसरं कोणी बोट लावत नसे. येता-जाता रमाकांत अंग चोरूनच त्या भिंतीजवळून जायचा.

आता रविवारच्या मंडळींबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

लश्करात त्या काळी पाचसहा जणांचं एक टोळकं होतं. कोणी कचेरीत कारकून, कोणी मास्तर, कोणी दुकानदार. आठवडाभर खुर्च्या झिजवायच्या आणि रविवारी पहाटे उठून धावायचं नाहीतर सायकल हाणायची. का, ते विचारू नका. बक्षीस नाही, नोकरीत बढती नाही, घरी बायकांचे टोमणे मात्र हमखास. यांचे म्होरके जयसिंहराव पायगुडे. उभी हयात रिसाल्यात घोड्यावर गेलेली, आता कंबर धरली म्हणून स्वतः धावत नसत, पण आवाज असा की किला गेटवर शिंकले तर वर किल्ल्यावरची कबुतरं उडावीत. व्यायाम उरकला की सगळे नई सडकेवर कचोरीवाल्याच्या बाकड्यावर बसायचे आणि आठवडाभरात कोणी काय केलं ते एकेकाने सांगायचं. लिहून ठेवायचं नाही, तोंडानेच सांगायचं. सांगून झालं की जयसिंहराव मिशीवरून हात फिरवून एकच विचारायचे, "साक्षीदार?"

साक्षीदार नसेल तर सगळी मेहनत फुकट. एकदा मधुसूदनने ठोकून दिलं, की मी बुधवारी मुरारपर्यंत न थांबता धावत गेलो आणि आलो. साक्षीदार कोण, तर म्हणे पुलाजवळची एक म्हैस. जयसिंहराव म्हणाले, "मग तिला घेऊन ये, तिची जबानी झाल्याशिवाय तुझी कचोरी माझी." आणि खाल्ली की! मधुसूदन हा रमाकांतच्याच शाळेत ड्रिल मास्तर, अंगाने काटकुळा, जिभेने तिखट. रमाकांतला या नादाला त्यानेच लावलं.

आधी रमाकांत नुसता धावायचा. पहिल्या रविवारी मोतीझीलच्या रस्त्यावर त्याला इतका दम लागला, की रस्त्याकडेच्या धोंड्यावर बसून त्याने मनातल्या मनात मृत्युपत्र केलं. पण मधुसूदन पुढे पळून गेला नाही. शेजारी उभा राहून जागच्या जागी उड्या मारत बसला. "दम खा यार, मी आहे ना. इथे कोणाच्या बापाचं राज्य बुडतंय?" आणि नंतर बाकड्यावर आपल्याबद्दल काहीच न बोलता म्हणाला, "आज रमाकांतने अख्खा रस्ता पुरा केला. साक्षीदार मी." जयसिंहरावांनी आपल्या द्रोणातली अर्धी कचोरी त्याच्याकडे सरकवली. काकूच्या घरी सोळा वर्षं जेवलेल्या माणसाला ती अर्धी कचोरी कशी लागली असेल, ते ज्याचं त्याला ठाऊक.

रविवारी घरी आला की तो हे सगळं दुर्गाला रंगवून सांगायचा. कोण कुठे धापा टाकत होता, कोणाची साखळी कुठे निसटली, जयसिंहराव कोणावर उखडले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू असायचा. तो हळूहळू कमी व्हायचा आणि मग थांबायचा. हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

श्रावणातल्या एका रविवारी तो सहज म्हणाला, "मुरारच्या पुलाअलीकडे एक विहीर आहे बघ. मंडळी अजून तिथे थांबतात. तहान नसली तरी थांबतात. म्हणतात, हा शरच्चंद्रचा थांबा. तो इथे पाणी प्यायल्याशिवाय पुढे जायचा नाही म्हणून."

स्वयंपाकघरातून लीलाताई बाहेर आल्या. हात पिठाचे तसेच होते. दाराला धरून म्हणाल्या, "अजून थांबतात?"

"हो. सगळे."

"जावईबापू, ती सायकल काढा," त्या म्हणाल्या. "टांगून काय तिचं लोणचं घालायचंय? तुम्ही चालवा."

रघुनाथरावांच्या हातातला अडकित्ता थांबला. दुर्गाच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. रमाकांतने स्टुलावर चढून सायकल उतरवली ती तान्हं मूल उचलावं तशी, आणि देवासमोर बोलावं तसं सासूबाईंना म्हणाला, "जशी नेतो तशी आणीन. ओरखडाही उठू देणार नाही."

त्या नुसती मान हलवून आत गेल्या. पण रोज संध्याकाळी सायकल परत खुंट्यांवर चढली की त्यांचे डोळे आधी तिकडे जायचे, मग तो जेवायला बसायचा. त्याचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकलेला. मास्तरकी गेली तर दुसरी मिळेल, पण या बाईच्या विश्वासाला खोक पडली तर तोंड कुठे लपवायचं? दोन महिने तो सपाट रस्त्यांवरच चालवत राहिला. खड्डा दिसला की उतरून हातात धरून न्यायचा. मधुसूदन म्हणायचा, "तू सायकल चालवतोस की पालखी वाहतोस रे?"

त्या वर्षी दसरा नेमका रविवारी आला. दसऱ्याच्या सकाळी, सरकारी सवारीचा गडबडगोंधळ सुरू व्हायच्या आत, मंडळींची दरसाल एक शर्यत असायची. दोघादोघांची जोडी. एकाने किला गेटपासून पायी धावत किल्ला चढायचा, वर थांबलेल्या जोडीदाराच्या हातात रुमाल द्यायचा, आणि त्याने सायकलवरून किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाचा, उरवाईचा उतार उतरून छावनी गाठायची. जिंकेल त्या जोडीला जयसिंहरावांच्या हातून पहिलं सोनं, म्हणजे शमीची पानं. बाकीच्यांनी त्यांच्याकडून सोनं घ्यायचं आणि वर्षभर त्यांची मिजास सहन करायची.

शरच्चंद्र असताना मधुसूदन आणि तो हीच जोडी. दोन वर्षं मधुसूदनने शर्यतीत पाय ठेवला नव्हता. या वेळी तो म्हणाला, "सायकल उतरली तर मीही उतरतो. येतोस?"

रमाकांतने घरी विचारलं. "उतार वाईट आहे तो," लीलाताई म्हणाल्या. "सांभाळून या म्हणजे झालं."

आदल्या दिवशी खंडेनवमी. धुमाळांच्या घरात तलवारीची पूजा पणजोबांपासूनची. तलवार म्यानातून काढायची, पुसायची, गंज चढू नये म्हणून तेलाचं बोट फिरवायचं, मग हळदकुंकू. रमाकांत शाळेतून आला तर पाटावर तलवार होती आणि शेजारी सायकल उभी होती. तिच्या गळ्यात झेंडूची माळ. लीलाताई खाली बसून तिला गोडं तेल लावत होत्या. तलवारीला लावतात तसंच, पण किती निगुतीने! दांड्याला, मागच्या पत्र्याला, चाकांच्या कड्यांना, एकेका तारेला. बोटं फिरत होती आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. दिवाळीच्या पहाटे पोराला पाटावर बसवून तेल चोळणारी आई दुसरं काय करते?

रमाकांत दारातच उभा राहिला. खरं म्हणजे तो गणिताचा मास्तर. चाकाच्या कडीला तेल आणि कडीवर घासणारं ब्रेकचं रबर, ही बेरीज दुसरीतल्या पोरालाही जमावी. पण डोळे भरलेले असले की बेरजा चुकतात. त्याच्या मनात एवढंच आलं, की हे पोरासाठी चाललंय, आणि त्यातलं थोडं आपल्याही वाट्याला येतंय. असं कधी काही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

सकाळी तो सायकल हाती धरून निघाला. छावनीपासून किल्ल्यापर्यंत बेताबेताने आणि मग सगळा चढच चढ. ब्रेकची गरजच पडली नाही. वर पोचला तेव्हा नुकतं उजाडत होतं. खाली दरीत डोंगरात कोरलेल्या उंच उंच मूर्ती धुक्यातून वर येत होत्या. उताराचं सुरुवातीचं अंग सौम्य, पुढे एक वळण, आणि वळणाच्या पलीकडे रस्ता असा कोसळतो की बैलगाडीवालेसुद्धा रामराम म्हणून उतरतात. त्या वळणावर जयसिंहराव उभे. नियम त्यांनी आधीच सांगून ठेवला होता. पलीकडे गाडी, जनावर, माणूस असेल तर लाल फडकं हलवायचं. रस्ता मोकळा असेल तर ओरडायचं, "खाली!"

"खाली म्हणजे काय ते मास्तरांना समजावा रे," असंही ते वर म्हणाले होते, आणि सगळे खिदळले होते. रमाकांतही हसला होता. आता तो काय दूधपिता होता? डबा खाली, घडा खाली, रस्ता खाली. पाठ झालं होतं सगळं.

मधुसूदन वर आला तो अक्षरशः जीभ बाहेर काढून. सगळ्यांत पहिला! चेहरा काळानिळा, तोंडातून शब्द फुटेना, रुमाल हातात कोंबून त्याने नुसता पाठीवर धपाटा मारला. रमाकांतने पाय मारला. सायकल निघाली. कानाशी वारा बोलू लागला आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपण कोणाचे पाहुणे नाही. मागे दुसऱ्या जोडीची सायकल अजून निघालीही नव्हती. वळण समोर दिसू लागलं. आता पाय जोरात मारायचे आणि तसंच वळणात शिरायचं.

तेवढ्यात जयसिंहरावांचा आवाज डोंगरावर आपटला.

"खालीऽऽऽ!"

आणि झालं काय, की रमाकांतच्या डोक्याने ते ऐकायच्या आधी त्याच्या हातांनी ऐकलं. माणूस कितीही भाषा शिको, जिवावर बेतलं की तो पाळण्यातल्या भाषेतच ऐकतो. खाली! खाली कोणीतरी आहे! त्याने दोन्ही ब्रेक करकचून दाबले.

काही झालं नाही.

सायकल थांबली नाही. रबरं कडीवरून गुळगुळीत सरकत राहिली. त्याने आणखी दाबले, बोटं पांढरी पडली. सायकल आपली शांतपणे वळणाकडे चालली आणि वेग घेऊ लागली. रमाकांतने दोन्ही पाय खाली टाकले. बुटांचे तळवे रस्त्यावर खरडले, खडे उडाले. डाव्या हाताला दसऱ्याच्या हत्तीघोड्यांसाठी कापून ठेवलेलं गवत रचून ठेवलेलं होतं. त्याने हँडल तिकडे वळवलं, डोळे मिटले, आणि गवतात शिरला.

डोळे उघडले तेव्हा तोंडात गवत होतं आणि वर जयसिंहरावांच्या मिशा.

"अरे, खाली म्हटलं ना मी!"

"म्हणून तर थांबलो!" रमाकांत गवत थुंकत म्हणाला.

जयसिंहरावांच्या पोटातून एक गडगडाट उठला. "हात् तुझ्या! अजून डबा शोधतोयस होय रे फळीखाली!" ते कंबर धरून रस्त्यातच बसले आणि डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसले. शेजारून दुसऱ्या जोडीची सायकल सूं करत गेली. मग तिसरी.

रमाकांतने सायकल उचलली. मागचा पत्रा जरासा चेपला होता. चाक फिरवून बघावं म्हणून त्याने कडीला हात लावला आणि बोटं चमकली. नाकाशी नेली. गोडं तेल.

मग तो वळणापर्यंत चालत गेला आणि पलीकडे बघितलं. रस्ता खरंच मोकळा होता, अगदी तळापर्यंत. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. बरोबर ऐकलं असतं तर आत्ता तो तिथे असता, भर वेगात, ब्रेकशिवाय. तो दोन पावलं मागे सरला. पण भीती निघून गेली तशी दुसरीच एक गोष्ट त्याच्या छातीवर येऊन बसली. हे घरी कळलं तर? एक मुलगा तापाने नेला, त्यात त्या बाईचा काही दोष नव्हता. पण हे? ज्या बोटांनी लाड केले त्याच बोटांनी... नाही. हे त्यांच्या कानावर जाता कामा नये. आज नाही आणि कधीच नाही.

त्याने मूठभर माती घेतली, कडी घासली, धोतराच्या सोग्याने पुसली. मागून मधुसूदन लंगडत आला होता. किल्ला सर्वांआधी चढून आलेला माणूस, शर्यत हरलेली. चिडायचा हक्क त्यालाच होता.

"काय रे, झालं काय?" त्याने विचारलं. "ब्रेक नाही लागला का?"

"ब्रेक लागला की," रमाकांत म्हणाला. "नको तिथे लावला. खाली ऐकलं आणि घाबरलो. माझी चूक. तुझी सगळी मेहनत पाण्यात घातली यार."

मधुसूदनने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या डोक्यातली काडी काढली, आणि म्हणाला, "हात-पाय शाबूत आहेत ना? मग चल. सोनं काय, झाडाला लागतं."

घरी लीलाताई ओवाळायचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांची नजर आधी सायकलीवर जाणार, चेपलेल्या पत्र्यावर थांबणार, हे रमाकांतने वाटभर मनात घोळवलं होतं. त्या आधी कोणाकडे बघत होत्या हे त्याला घाबरेपणी कळलंच नाही. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं, म्हणजे त्याला सांगायचं होतं तेवढं. खाली ऐकलं, ब्रेक दाबला, तोल गेला, गवतात पडलो.

"सांगूनसुद्धा?" दुर्गा म्हणाली. "आधी सांगून ठेवलेलं असूनसुद्धा?"

"हो."

"अहो, पण डबा..." आणि तिला पुढे बोलवेना. रघुनाथराव आरामखुर्चीत गदागदा हलू लागले. आणि मग एक आवाज आला जो त्या घरात दोन वर्षांत कोणी ऐकला नव्हता. लीलाताई हसत होत्या. ताटातलं निरांजन थरथरत होतं, त्या पदर तोंडाला लावत होत्या, हसू आवरत नव्हतं. रमाकांत दारात गवताच्या काड्यांसकट उभा होता आणि मनात म्हणत होता, देवा, हसू देत. जन्मभर मला मूर्ख म्हणू देत, पण यांना अशाच हसू देत.

त्याचं ते मागणं देवाने जरा जास्तच ऐकलं. त्या दिवसापासून सगळं लश्कर त्याला खालीराव म्हणू लागलं. शाळेत पोरं फळा पुसला की मुद्दाम सांगायची, "सर, फळा खाली आहे." कचोरीवाला द्रोण पुढे करून विचारायचा, "मास्तरजी, खाली है या भरा?" रमाकांत हसायचा. प्रत्येक वेळी ती गोष्ट नव्याने सांगायचा, पडण्याचा अभिनय करून दाखवायचा. जयसिंहराव विचारायचे, "साक्षीदार?" आणि स्वतःच हात वर करायचे.

पुढच्या रविवारी पहाटे तो ओसरीवर आला तर खुंट्यांवर सायकल नव्हती. ती जमिनीवर उभी होती आणि तिच्यापाशी लीलाताई बसल्या होत्या. जवळ राखेची वाटी. चाकांच्या कड्या चुलीतल्या राखेने घासून लख्ख केलेल्या, बोट फिरवलं तर करकर वाजाव्यात अशा. आणि त्यांच्या मांडीवर त्याचे बूट होते, उलटे.

"यांचे तळवे गेलेत," त्या म्हणाल्या.

रमाकांतने बूट घ्यायला हात पुढे केला.

"दसऱ्यापासून बघतेय. रस्त्यावर पाय घासत गेल्याशिवाय असे जात नाहीत. ब्रेक लागला असता, तर पाय कशाला घासावे लागले असते?"

"सासूबाई, मी खाली ऐकलं आणि घाबरून..."

"ते ऐकलंस, खरं आहे," लीलाताई म्हणाल्या. "ऐकलंस म्हणून आज मी तुला बघतेय. पण तेल मी लावलं होतं ना रे?"

ऐकलंस. तुला. रे. रमाकांतच्या कानाने तीनही शब्द टिपले. दोन वर्षांत या घरात लीलाताईंच्या तोंडून असं कोणी ऐकलं नव्हतं. त्याने खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून मिटलं. मग त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला.

"वाईला दिवाळीला काकू आपल्या मुलांना तेल लावायची," तो म्हणाला. "माझं मी लावायचो. पाठीला हात पुरायचा नाही. त्या दिवशी तुम्ही सायकलला लावत होता ना, मी दारातून बघत होतो. मला वाटलं, मलाच लावताय. तसं कोणी केलं नव्हतं माझं. त्या तेलाचा मला राग कसा येईल? पुन्हा लावलंत तरी मी तीच सायकल घेऊन जाईन."

लीलाताईंनी बूट बाजूला ठेवले. राखेचे हात पदराला पुसले आणि त्याच्या डोक्यावरून एकदा फिरवले, केसांत राख लागली तरी. "वेडा कुठला," त्या म्हणाल्या. "दिवाळी आलीच की आता. पाटावर बसायचं मुकाट्याने. पाठ माझ्याकडे करून."

"बसेन."

"आणि मंडळींना सांग, त्या विहिरीवर थांबलात की माझ्या नावाचाही एक घोट घ्या म्हणावं."

बाहेर मधुसूदनने शीळ घातली. रमाकांतने डोळे पुसले, बूट चढवले, सायकल हाती घेतली. दारातून निघताना रोजच्या सवयीने वळून म्हणाला, "आल्यावर वर टांगून ठेवतो."

"नको," लीलाताई म्हणाल्या. "आता खालीच राहू दे."

तो उंबऱ्यात थबकला. भिंतीवर दोन मोकळ्या खुंट्या, हातात सायकल. पुन्हा फजिती नको म्हणून त्याने जपून विचारलं, "खाली म्हणजे? सायकल खाली, की खुंट्या खाली?"

"दोन्ही रे बाळा," लीलाताई म्हणाल्या, आणि हसत हसत राखेची वाटी उचलून आत गेल्या.